उजव्या हाताची भाकर

माझं दुखणं कोणतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मला छातीचा कॅन्सर झाला. उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. आता मी घरी आहे, भाकरी करते, भांडी घासते आणि दुपारी वेळ मिळाला की हे लिहिते. लिहायचं कारण एवढंच की नांदेडच्या दवाखान्यात माझ्यासारख्या कितीतरी बाया बाकड्यावर पदराखाली हात घालून गप बसलेल्या मी पाहिल्या. त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोलत नव्हतं. डॉक्टर आजाराचं सांगतात, पण आजारी बाईचं घरात काय होतं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार?

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावापासून जवळ. थोडी केळी, थोडी हळद, घरापुरती ज्वारी आणि दोन शेळ्या. घरात चौघं: मालक, मी, नांदेडला कॉलेजात शिकणारी आमची पोरगी पल्लवी आणि माझी सासू. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मीही म्हणते. माझं नाव सुमन. स्वभावानं फटकळ आहे, जीभ जरा तिखट आहे, हे गावात कोणालाही विचारा. आजारपणानं माझं बरंच काही नेलं, पण जिभेला हात लावला नाही.

कडब्याची पेंढी

हळद शिजवून वाळत घातली होती. त्या दिवसांत आमच्या घरात सगळंच पिवळं असतं. पायाचे तळवे पिवळे, उशीचा अभ्रा पिवळा, दुधाच्या पातेल्यालासुद्धा पिवळी बोटं लागलेली. संध्याकाळी शेळ्यांना टाकायला कडब्याची पेंढी छातीशी धरून निघाले आणि उजव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. मला वाटलं, हळकुंडाचा तुकडा ब्लाउजात अडकला असेल. आडोशाला जाऊन पदर झटकला, ब्लाउज झटकला. खाली काही पडलं नाही.

दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जातं? बायांनो, हेच आधी लक्षात ठेवा. दुखत नाही म्हणूनच जा.

पल्लवीला सुट्टीत बोलता बोलता सांगितलं, तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिनं मला नांदेडच्या गाडीत बसवलं. तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला, आणि रिपोर्टच्या दिवशी मी आणि मालक दोघं गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मालकांना म्हणाले, "तुम्ही जरा आत या." मला बाहेर बसायला सांगितलं.

मी म्हटलं, "साहेब, गाठ ह्यांना झाली का मला? अंग माझं हाय. जे सांगायचं ते मला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. मी ऐकलं, पण 'कॅन्सर' ह्या शब्दानंतर एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. डॉक्टरांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्यावर झाकण नव्हतं. मी मनात म्हणत होते, ह्यात माशी पडेल.

परतीच्या एसटीत मालक खिडकीकडं तोंड करून बसले. अर्धापूर गेलं तरी वळून बघेनात. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तर त्यांचं सगळं अंग हलत होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "सकाळी धुणं भिजत घातलंय. वास सुटला असेल."

घरी आल्यावर मी आधी ते धुणं धुतलं. आत्या दारात उभी राहून विचारत होती, काय म्हणाला डाक्टर, काय म्हणाला. मी कपडे आपटत राहिले. धुणं संपलं असतं तर मला तिच्याकडं बघावं लागलं असतं.

शेजारची खाट

ऑपरेशनचं फार लिहीत नाही. झोपवलं, उठवलं, आणि उठले तेव्हा एक बाजू सपाट होती. पट्टीवरून हात फिरवायची हिंमत पुष्कळ दिवस झाली नाही. अंघोळीच्या वेळी आजही मी भिंतीकडं तोंड करते. ह्याबद्दल कोणी मला समजावू नये, समजवायला आलेल्यांचं मी ऐकून घेतलं नाही.

दवाखान्यात सगळ्यात वाईट काय असेल तर रिकामं बसणं. सकाळी झाडूवाली येते, मग सिस्टर ताप बघते, मग डॉक्टर येऊन जातात, मग डबा. मधल्या वेळेत बाई करणार काय? घरी असले की मला वाटायचं, एक दिवस कोणी म्हणावं, सुमन, आज तू नुसती बस. तो दिवस आला, आणि असा आला. मी खाटेवर बसून दुसऱ्या पेशंटच्या चादरी सरळ करायला लागले. सिस्टर ओरडली तेव्हा थांबले.

शेजारच्या खाटेवर औंढ्याकडची सिंधूबाई होती. माझ्याहून थोडी मोठी, आजार फार पुढं गेलेला. तिचं घर मातीचं. ती पडल्या पडल्या उजवा हात चादरीवरून अर्धगोल फिरवायची, मागं सरकवायची, परत फिरवायची. मी विचारलं, "काय करून राहिल्या हो मावशी?"

"सारवून राहिले," ती म्हणाली. "सून सारवते, पर कडंला नीट बोटं फिरवत न्हाई. घरला गेले की एकदा माझ्या हातानं सारवीन."

मी हसले. म्हटलं, "मावशी, इथं जीव जाऊन राहिलाय आन् तुमाला सारवायचं पडलंय!" तीही हसली. मला सुट्टी झाली तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला, सोडेचना.

ती घरी गेली नाही. पुढं तपासणीला गेले तेव्हा त्या खाटेवर दुसरी बाई होती, आणि सिस्टरनं नुसती मान हलवली. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. अजूनही घरात शेणानं सारवताना कडेला बोटं आली की मला ती आठवते आणि माझा हात हळू होतो.

हिरव्या बांगड्या

ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं माझे दागिने उतरवून घेतले होते, बांगड्यासुद्धा. मालकांनी त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या आणि खिशातच त्यांचा चुरा झाला. त्यामुळं मी घरी आले ती मोकळ्या हातांनी. सुट्टी देताना सिस्टरनं माझा उजवा हात धरून बजावलं होतं, "ह्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, वजन नाही, चटका नाही, घट्ट काही नाही." आम्ही दोघांनी माना हलवल्या.

आत्या भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं तो माझ्यावरून ओवाळला, आणि ओवाळता ओवाळता तिची नजर माझ्या मनगटांवर गेली. तिचा चेहरा एकदम उतरला.

हे कळायला आत्याचं थोडं सांगावं लागेल. माझे मालक रांगत होते तेव्हा सासरे वारले. विजेच्या मोटारीचा झटका बसला. गल्लीतल्या बायांनी ह्याच उंबऱ्यावर आत्याचे हात ठेवून तिच्या बांगड्या फोडल्या. ती तेव्हा पल्लवीच्या आताच्या वयाची होती. त्यानंतर तिनं हातात काही घातलं नाही, आणि ह्या घरात दुसऱ्या कोणत्या बाईचा हात तिला मोकळा बघवत नाही. पल्लवी लहानपणी बांगड्या काढून खेळायला जायची, तर ही तिच्यामागं गल्लीभर पळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्यानं कासारणीला बोलावून आणलं. ओसरीवर पोतं अंथरलं, मला बसवलं, पल्लवीला चहा करायला लावला. म्हणाली, "दोन्ही हात भर. चांगल्या हिरव्यागार. सून माझी मरणाच्या दारातून आलीय."

आता तुम्ही म्हणाल, सिस्टरनं घट्ट काही नको म्हणून सांगितलं होतं ना? होतं की. पण बांगडी ही कोणाला वेगळी वस्तू वाटते का? दोरा घट्ट असतो, घड्याळाचा पट्टा घट्ट असतो. बांगडी तर हाताचीच. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर खुशीत होते. इतके दिवस मला दवाखान्याचा वास येत होता, आणि आता माझ्या पुढ्यात हिरव्या बांगड्यांच्या माळा होत्या. हात मीच पुढं केला.

डावा हात पटकन भरला. उजवा जरा सुजट होता. कासारणीनं साबण लावला, अंगठ्याचं हाड दाबलं, बोटं गोळा केली आणि बांगडी चढवली. आणखी एक, आणखी एक. मधेच एक कडकन गेली आणि मनगटावर काच ओरखडली. "वाढली, वाढली," कासारीण घाईनं म्हणाली. आत्यानं देव्हाऱ्यातली हळद आणून ओरखड्यावर दाबली. मी हात हलवून बांगड्या वाजवल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुखाचं पाणी होतं, आणि तसं तिच्या डोळ्यांत मी क्वचितच पाहिलं होतं.

संध्याकाळी हात गरम लागायला लागला. सकाळी उठले तर हात कोपरापर्यंत लालभडक, आणि बांगड्या मांसात रुतून दिसेनाशा झालेल्या. अंगात ताप फणफणत होता.

जीप करून नांदेडला नेलं. आत्या ऐकेना, सोबत आली. तिथं डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, "आधी ह्या काढा." पण निघतील कशा? मग वॉर्डातले एक मामा पक्कड घेऊन आले. एकेका बांगडीखाली कापसाची पट्टी सरकवायची आणि पकडीनं ती फोडायची. कट्. कट्. तुकडे लोखंडी ट्रेमध्ये पडत होते.

आत्या दाराशी उभी होती. पहिल्या आवाजाला तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. दुसऱ्या आवाजाला ती खाली फरशीवर बसली आणि ओरडली, "नका फोडू वो! माझा पोरगा जिता हाय! त्यो बघा उभा हाय, जिता हाय!"

मालक तिच्याजवळ धावले. तिला उठवून बाहेर नेलं. मला दुखत होतं, तापानं समोरचं धड दिसत नव्हतं, पण तिचं ते ओरडणं माझ्या कानातून आजही जात नाही.

पाहुणी

सलाईनसाठी सिस्टरनं डाव्या हातातल्या बांगड्याही उतरवून घेतल्या, आणि त्या परत भरायचं घरात कोणी नाव काढलं नाही. ताप उतरला, लाली गेली, पण सूज गेली नाही. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी मुरायला वाट राहत नाही, असं मला समजावलं. त्यात हा घाव झाला. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "हात पहिल्यासारखा होईल, असं मी सांगणार नाही. होईल तेवढा होईल." केमोही पुढं ढकलली गेली.

माझा उजवा हात गेला, तर मी कोण? खरंच सांगते, केस जातील ह्याची मला एवढी भीती वाटली नाही. छातीचंही दुःख मी गिळलं. पण ज्या हातानं भाकर थापायची, धुणं पिळायचं, लेकराची वेणी घालायची, तो हात मांडीवर उशीसारखा पडून राहणार, ह्या विचारानं मी रात्री उठून बसायची आणि बोटं उघडून मिटून बघायची. मी मरणाला भ्यायले, त्याहून जास्त बिनकामाची होऊन जगायला भ्यायले.

आणि आत्यानं मला नेमकं तेच केलं. दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्याशी बांगड्यांबद्दल अवाक्षर बोलली नाही. माफी नाही, काही नाही. नुसती कामाला लागली. झाडणं, सडा, भांडी, धुणं, शेळ्या, दोन वेळच्या भाकरी. सत्तरीच्या घरातली बाई, गुडघे दुखणारी. मी तांब्या उचलला तरी काढून घ्यायची. जेवायला ताट खाटेवर. पाणी खाटेवर. माझ्या अंथरुणाची चादरसुद्धा मला झटकू देईना.

वरून भेटायला येणाऱ्या बाया. बिस्किटाचा पुडा घेऊन यायच्या आणि माझ्या सपाट बाजूकडं बघत बसायच्या. एक म्हणाली, "आमच्या नणंदेच्या जावेला बी असंच झालं होतं बघ."

मी विचारलं, "मग? बऱ्या हायेत का आता?"

"कशाच्या! गेली की."

मी म्हटलं, "माय, तू चहा घेऊन जा, आन् बिस्किटं बी घेऊन जा." आत्या तोंडाला पदर लावून हसली. बांगड्यांनंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पण मी कप उचलायला गेले, तर लगेच चेहरा दगडासारखा.

केमो सुरू झाल्यावर माझी आणखीच चिडचिड व्हायला लागली. तोंडाला चव नाही, पायात गोळे, आणि दिवसभर छताकडं बघायचं. एका दुपारी आत्या अंगणात वाकून भांडी घासत होती. उठताना तिचा तोल गेला, भिंतीला धरून सावरली. मी धावले आणि घासणी तिच्या हातातून ओढली. तिनं ती परत ओढली. दोन म्हाताऱ्या मांजरींसारख्या आम्ही घासणीवरून भांडलो.

"आत्या, मी मेले न्हाई अजून!" मी ओरडले. "मला काहून पाव्हणी करून ठेवलं तुमी? जितेपणी मला घरातून काढून टाकलं की हो!"

"मरायचं नाव काढू नगं," ती म्हणाली.

"मग करू द्या की मला काई!"

ती तशीच राखेनं भरलेले हात घेऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या हातानं तुझा हात गेला, सुमन. आता तुझं काम माझ्या हातानंच व्हायला पाहिजे. न्हाई तर मी देवाला काय सांगू?"

मी तिथंच दगडावर बसले आणि रडले. तीही रडली. भांडी तशीच राहिली, शेळी येऊन पातेलं चाटून गेली.

रुमाल

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मी आत्याला मुद्दाम सोबत नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई होत्या, त्यांच्यासमोर तिला बसवलं. म्हटलं, "ताई, ह्यांना सांगा, मी काय करू शकते."

ताईंनी घट्ट बाही चढवायला दिली. बांगडी घट्ट नको आणि बाही मात्र घट्टच हवी! मी म्हटलं, "ताई, तुमच्या शास्त्राचं बी काई बराबर कळत न्हाई." त्या हसल्या. मग त्यांनी आत्याला समजावलं. जड उचलायचं नाही, चटका, काच, सुरी ह्यांना जपायचं, पण हात हलता पाहिजे. नुसता ठेवला तर आणखी जड होईल. हलकं घरकाम हाच तिचा व्यायाम. हात वर जाईल असं काही द्या. दोरीवर कपडे वाळत घालायला लावा.

आत्यानं दोनदा विचारून घेतलं, "दोरीवर? काम केल्यानं तकलीफ वाढायची न्हाई?"

"वाढायची नाही, आजी. कमी होईल."

दुसऱ्या दिवशी धुणं झाल्यावर तिनं माझ्या हातात एक रुमाल दिला. मालकांचा रुमाल, ओला, पिळलेला. बाकीची बादली स्वतःजवळ ठेवली. मी भिंतीच्या कडेला दोरीखाली उभी राहिले. हात खांद्याच्या वर गेला आणि काखेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली. हात खाली आला. परत वर नेला. भिंतीवर सरड्यासारखी बोटं चढवत चढवत दोरी गाठली, आणि रुमाल टाकला. वाकडा पडला. चिमटा लावता आला नाही.

पण रुमाल माझ्या हातानं वाळत पडला होता. वाऱ्यानं जरा हलत होता. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. इतकी वर्षं मी कपडे वाळत घातले, कंटाळून घातले, ह्यांच्या नावानं बोटं मोडत घातले. त्या दिवशी मी त्या दोरीला हात जोडले. कोणाला वेडेपणा वाटेल तर वाटू दे. माझ्या देवघरात त्या दिवशीपासून दोरी, झाडू आणि पाट सगळेच आले आहेत.

मग हळूहळू एकेक काम परत मिळालं. लसूण सोलणं. मेथी निवडणं. कपड्यांच्या घड्या. तांदळातले खडे काढताना मी इतकी रमायची की पल्लवी म्हणायची, "आई, तांदूळ निवडून राहिलीस का मोती?" प्रत्येक काम मिळालं की मला पोरीसारखा आनंद व्हायचा, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी हात ठणकायचा. दोन्ही खरं आहे. आनंद झाला म्हणून दुखायचं थांबलं, असं एकदाही झालं नाही.

भाकर मात्र मिळाली नाही. चूल, तवा, चटका. आत्या त्या बाजूला मला फिरकू देत नव्हती, आणि खरं तर मलाही धीर होत नव्हता. हातानं थाप बसली नाही तर? मग शेवटची आशाही गेली असती. न करून बघण्यात निदान ती शिल्लक होती.

काठवट

थंडीत आत्याला ताप आला. साधाच, पण चांगलाच. ती गोधडी घेऊन आतल्या खोलीत पडली. पल्लवी नांदेडला, मालक केळीला पाणी द्यायला गेलेले. दुपार व्हायला आली होती आणि घरात भाकर नव्हती. शेजारीण देते म्हणाली होती, पण मी तिला काही बोलले नाही.

मी काठवट ओढली. ज्वारीचं पीठ घेतलं, आधणाचं पाणी डाव्या हातानं सांभाळून ओतलं. गार होऊ दिलं. मळायला लागले तेव्हा उजव्या हाताला जोर नव्हता, म्हणून कोपर खाली दाबून अंगाच्या भारानं मळलं. गोळा केला. काठवटीत पीठ भुरभुरलं, गोळा ठेवला आणि हात उचलला.

पहिली थाप बसलीच नाही, नुसता हात टेकला. दुसरीही तशीच. मी स्वतःशीच म्हटलं, सुमन, रुमाल टाकलास ना? मार. तिसरी बसली. थप. मग थप, थप, हात अडखळत फिरायला लागला. भाकर एका अंगानं जाड, एका अंगानं पातळ, कडेला फाटलेली. माहेरी माझ्या आईनं ती भाकर बघितली असती तर मला काठवटीसकट बाहेर काढलं असतं. मी रडत थापत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आतून आत्याचा आवाज आला. "कोण थापतंय? शेजारची शांता का?"

"मी हाय आत्या. सुमन."

आत तिनं कूस बदलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बांगड्या वाजल्या न्हाईत. म्हणून वळखलं न्हाई मी."

माझा हात काठवटीतच थांबला. तिलाही कळलं असावं आपण काय बोललो ते. गोधडी गुंडाळून, भिंत धरत ती चुलीपाशी आली आणि माझ्याशेजारी बसली. मी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, डाव्या हातातल्या उलथन्यानं परतली. फुगली नाही ती. एका बाजूला जरासा पापुद्रा आला, तेवढाच. मी ती तिच्या ताटलीत ठेवली, वर तेल-तिखट.

तिनं तुकडा मोडला. तापानं तिचीही चव गेली होती, मला माहीत आहे. तरी तिनं ती सगळी खाल्ली. ताटलीतला भुगा बोटानं टिपून खाल्ला. मग म्हणाली, "अजून एक टाक."

मी टाकली. त्या दिवशी दोनच भाकरी झाल्या. तिसऱ्या गोळ्याला हात उचललाच नाही. संध्याकाळी मालक आले तेव्हा मी शेजारणीकडून त्यांच्यापुरत्या भाकरी आणल्या, पण त्यांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग काठवटीत राहिलेल्या गोळ्याकडं, आणि तो गोळा भाजून द्यायला सांगितला. मी निखाऱ्यावर पानगा भाजून दिला. जळका निघाला. त्यांनी तोही खाल्ला.

आता

आता रोज माझ्या हातानं चार भाकरी होतात, बाकीच्या आत्या करते. हात बाहीत असतो. डाव्याहून जाडच आहे, आणि जाडच राहणार. पुढच्या महिन्यात मोठी तपासणी आहे. काय निघेल ते सांगता येत नाही. रोज सकाळी सडा टाकताना मला आधी त्याचीच भीती वाटते आणि मग आपण सडा टाकतोय हे कळतं. सिंधूबाईला हे मिळालं नाही. मला मिळालं, कशासाठी ते ठाऊक नाही, म्हणून मी ते वाया घालवत नाही, एवढंच.

परवा शेजारच्या घरी लग्न होतं. गल्लीतल्या सगळ्या बायांना चुडा भरायला तीच कासारीण आली. आमच्या दारावरून जाताना तिनं मान खाली घातली आणि पुढं निघाली. आत्यानंच तिला हाक मारली. ओसरीवर पोतं अंथरलं, मला बसवलं.

"डाव्या हातात भर," आत्या म्हणाली.

कासारीण चाचरली. "निस्त्या एका हातात? बरं दिसत न्हाई वो आत्याबाई. लगीनघर हाय, बाया बोलतील. उजव्यात निदान एक तरी सैलशी..."

आत्यानं माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. आपल्या मोकळ्या मनगटाला माझं मोकळं मनगट लागलेलं तिला दिसत होतं. तिनं ते झाकलं नाही.

"बोलू दे," ती म्हणाली. "ह्यो हात असाच ऱ्हाऊ दे. मला अजून लई दिवस ह्या हाताची भाकर खायची हाय."

मी डावा हात पुढं केला.